देवचाराला चेहरा काढावा का?

तिरफळ | २१ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी एक पुस्तक करतेय. तो सात वर्षांचा आहे, शहरात चौदाव्या मजल्यावर वाढतोय. माझ्या आजीने मला सांगितलेल्या आठ गोष्टी, प्रत्येकीला दोन-तीन चित्रं, सगळं हाताने काढून घरीच शिवलेलं. सात गोष्टी झाल्या. आठवीपाशी दोन महिने अडले आहे. ती देवचाराची, म्हणजे गावाच्या अदृश्य राखणदाराची.

गोष्ट अशी. आजीचे वडील देवगडच्या बाजारातून रात्रीचे चालत घरी येत होते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, त्यांना चकवा लागला. तीच करवंदीची जाळी तिसऱ्यांदा आडवी आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग ते खाली बसले आणि गावाच्या राखणदाराला हाक मारली. थोड्या वेळाने पुढे काठी आपटल्याचा आवाज आला आणि चुडीचा, म्हणजे मशालीचा, उजेड दिसला. ते त्या उजेडामागून चालत राहिले. घराच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उजेड थांबला आणि विझला.

मी दर वेळी विचारायचे, "आजी, दिसायला कसा होता?" आजी म्हणायची, "कोणी बघितलाय? पाठमोरा होता."

आजी हे सांगताना चुलीच्या राखेत फणसाच्या आठळ्या भाजायची. एखादी फट्कन फुटली की मी दचकायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात ही गोष्ट भर पावसातलीच आहे. चित्रातही मी तेच काढलंय: धो धो पाऊस, धुकं, हिरवागार सडा, मध्ये चुडीचा उजेड आणि देवचार. चार वेळा काढून चार वेळा फाडलं. एकदा तो दाढीवाला साधू झाला, एकदा मालिकेतलं भूत. बाकी दोन सांगण्यासारखे नाहीत.

माझा हात शाईच्या रेषेवर आणि जलरंगावर बसलेला आहे. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमची परीकथांची चित्रं बघत बघत मी चित्र काढायला शिकले. तेच आता आड येतंय की काय असं वाटतं. मी वड काढते आणि तो विलायतेतला ओक होतो.

तर प्रश्न दोन. तुमच्या घरी देवचार कसा दिसायचा? आणि त्याला मुळात चेहरा काढावा का?

सड्यावरून | २१ मे, रात्री १०:४०

काढू नका. आजीने उत्तर दिलेलं आहे, पाठमोरा.

गजालवाडी | २१ मे, रात्री ११:०५

तिरफळा, आमची आजी त्येचा नाव घेवक देय नसा. 'म्हातारो' म्हणायची. रातीचे कुत्रे भुकाक लागले काय म्हणायची, "गप रवा, म्हातारो फेरी मारता हा." आमी गोधडी डोक्यार घेवन पडान रवा. भय वाटायचा, पण झोपय चांगली लागायची. कोणतरी जागो आसा ना भायर!

पाणंद | २२ मे, सकाळी ८:१५

सड्यावरून यांच्याशी असहमत. कोकणातल्या राखणदाराला चेहरा नसतो हे कोणी ठरवलं? वेंगुर्ल्याजवळ आरवलीला जाऊन या. वेतोबा उभा आहे, माणसापेक्षा उंच, मिशा आहेत, डोळे आहेत, एका हातात तलवार, दुसऱ्यात पात्र. लोक नवस फेडायला केळीचे घड आणतात आणि चामड्याच्या वहाणा आणतात, हातभर लांबीच्या. तो रात्री गावाची फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, ही तिथली श्रद्धा. माझ्या मामाने मला लहानपणी एका वहाणेचा तळ उलटा करून दाखवला होता. टाच एका बाजूने खाल्लेली होती. तेवढं बघून मी दिवसभर गप्प होतो.

चेहरा काढा. फक्त तो तुमच्या गावातल्या माणसाचा असू दे.

सड्यावरून | २२ मे, सकाळी ८:५०

पाणंद, वेतोबा हा देव, त्याचं मंदिर आहे, मूर्ती आहे. आमच्याकडे देवचार म्हणजे पिंपळाखालचा एक दगड. त्याला वर्षातून एकदा राखण देतात, नारळ आणि कोंबडा. तुमच्या उत्तरात माझं उत्तर आहेच की. तुम्हाला पन्नास वर्षांनी आठवतेय ती वहाण, मिशी नाही.

पाणंद | २२ मे, सकाळी ९:०२

पंचेचाळीस वर्षांनी. पण हो, वहाणच आठवतेय.

मोगरवेल | २२ मे, दुपारी १:३०

थोडं वेगळं मत मांडते. सात वर्षांच्या मुलाला हे द्यावंच का? माझ्या मुलीला नातेवाइकांनी हडळ, मुंजा, खवीस असं सगळं एका सुट्टीत ऐकवलं. नंतर तीन महिने ती न्हाणीत एकटी जात नव्हती. मला गोष्टींबद्दल आदर आहे, पण दिवा बंद करून मुलाशेजारी बसावं आईला लागतं.

तिरफळ | २२ मे, दुपारी २:१०

मोगरवेल, हा विचार मीही केला. म्हणूनच आठ गोष्टींत हडळ नाही, खवीस नाही. पण देवचार घाबरवणारा नाही हो. तो वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. शहरात वाढणाऱ्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं, की अंधारात आपल्या बाजूचंही कोणी असतं. आणि म्हणूनच तो चित्रात भूत झाला की मला रडू येतं.

मोगरवेल | २२ मे, दुपारी २:२५

हे पटलं. मग चेहरा नकोच. मुलं चेहऱ्याला घाबरतात.

खारा_वारा | २२ मे, रात्री ९:४५

आम्ही हर्णैकडचे. आमच्याकडे सड्यापेक्षा पाण्यातल्या गोष्टी जास्त. गिऱ्हा खाडीत असतो, ओळखीच्या माणसाचा आवाज काढून बोलावतो आणि खोल पाण्यात नेतो. त्याचे केस कापून घेतले की तो घरगडी होऊन राबतो, पण केस त्याच्या हाती लागले की संपलं. ही गोष्ट आमचे आजोबा फक्त बंदीच्या दिवसांत सांगायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, माणसं घरात, जाळी विणत बसलेली. समुद्रावर जायच्या दिवसांत गिऱ्ह्याचं नाव काढलेलं त्यांना चालायचं नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की गोष्ट बंद.

तिरफळ, तुमच्या पुस्तकात समुद्राची एखादी असेल तर हे काढा. पाऊस गेल्यानंतरच्या अंधाऱ्या रात्री जाळं वर घेतलं की दोरीवरून उजेड गळतो. निळा-हिरवा. हात बुडवला की बोटांना लागतो. मी नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा पाहिला आणि हात सदऱ्याला पुसून टाकला होता, आई ओरडेल म्हणून.

काजवा_मास्तर | २२ मे, रात्री १०:२०

खारा_वारा, तो उजेड एका सूक्ष्म जीवाचा, नॉक्टिल्युका. पाणी हललं की तो चमकतो. लाट फुटते तिथे, होडीच्या नाळेला, दोरीला, म्हणून तुमच्या बोटांनाही. मी जीवशास्त्र शिकवतो आणि हे दर वर्षी वर्गात सांगतो. तरी किनाऱ्यावर उभं राहिल्यावर मी पोरांना आधी गप्प बसायला सांगतो, नाव नंतर.

आणि तिरफळ, तुम्ही हा धागा अगदी वेळेवर काढलात. सध्या रात्री बाहेर पडलात तर काजवे सुरू झालेले दिसतील. मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंत एवढेच दिवस त्यांचे. कधी कधी एखादं अख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. पावसाच्या तोंडावरच हे होतं, धो धो पावसात नाही.

कुळथाची_पिठी | २२ मे, रात्री १०:५५

अवांतर: आठळ्या राखेत भाजायच्या आधी टोकाला जरा चीर द्यायची, म्हणजे फुटत नाहीत. पण मग तिरफळची गोष्ट निम्मी झाली असती.

तिरफळ | २२ मे, रात्री ११:००

आजीला चीर द्यायची माहीत होतं. ती मुद्दाम दोन तशाच टाकायची.

चुडतं | २३ मे, सकाळी ७:४०

मूळ पोस्ट पुन्हा वाचली. एक गोष्ट खटकते आहे, राग मानू नका. चूड म्हणजे सुक्या चुडताची, माडाच्या झावळीची बांधलेली मशाल. आम्ही गावी चुडी घेऊन चाललोय. ती वाऱ्यावर हलवत न्यावी लागते म्हणजे निखारा जिवंत राहतो. धो धो पावसात ती दहा पावलंही टिकत नाही. मग पणजोबांना चूड दिसली तेव्हा पाऊस कसा असेल? देवचाराची चूड विझत नसेल म्हणा, पण गोष्टीत पाऊस होता असं आजीने सांगितलं होतं का? की पाऊस बाहेर पडत होता, गोष्ट ऐकताना?

तिरफळ | २३ मे, सकाळी ८:०५

चुडतं, मी ऑफिसला निघाले होते आणि आता दारात उभी राहून हे लिहितेय. आजीने पाऊस कधीच सांगितला नाही. पाऊस आमच्या कौलांवर पडत होता.

सड्यावरून | २३ मे, सकाळी ८:२०

मग महिना शोधा आधी. पणजोबा बाजारातून काय घेऊन येत होते?

तिरफळ | २३ मे, सकाळी ८:२२

माहीत नाही. आत्याला विचारते.

पोथीवाला | २३ मे, दुपारी १२:१५

शैलीबद्दल लिहितो. विलायती झाड होतंय म्हणता, मग कुडाळजवळ पिंगुळीला एकदा जाऊन बसा. ठाकर समाजाची चित्रकथी. कागदावरची चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांचा गठ्ठा म्हणजे एका आख्यानाची पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि गातो. सावंतवाडी संस्थानाचा या मंडळींना आश्रय होता. पुढे ती कला जवळजवळ बुडाली, पण परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्या चित्रांत बघण्यासारखं काय? सगळे बाजूने दिसतात, डोळे मोठे, आणि मागे काही नसतं. ना डोंगर, ना आकाश. कारण मागचं सगळं गाणाऱ्याने उभं करायचं असतं. म्हणजे ते चित्र एकटं पुरेसं नाहीच. तुमच्या भाच्याला हे पुस्तक कोण वाचून दाखवणार? तो आवाज धरून चित्र काढा.

रानभेंडी | २३ मे, दुपारी ३:००

मी डहाणूची. वारली चित्र आता पिशव्यांवर आणि कपांवर दिसतं, पण आमच्याकडे भिंतीवरचा चौक लग्नातच काढतात. सवाशिणी काढतात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. कधीही कुठेही काढायची ती गोष्ट नव्हे. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण मला सांगायचं आहे ते चेहऱ्याबद्दल. वारली माणसाला नाक-डोळे नसतात. दोन त्रिकोण आणि एक गोळा. तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचताना कोण दमलाय, कोण नवखा आहे, कोणाचं लक्ष दुसरीकडे आहे, सगळं कळतं. पाठीच्या कण्यावरून कळतं. तिरफळ, पाठमोरा काढायचा तर पाठ नीट बघा.

पाणंद | २३ मे, दुपारी ३:१८

वा. माझं मत बदलायला लागलंय.

निबवाला | २३ मे, सायं ६:३०

मी व्यवसायाने हेच काम करतो. एका प्रकाशनासाठी कोकणच्या लोककथांची चित्रं काढली होती. देवचार मी म्हातारा शेतकरी काढला, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर इरलं. छापून आला तेव्हा त्याचे डोळे लाल केलेले होते, मला न विचारता. मुखपृष्ठावर भीती विकली जाते असं सांगितलं. ते पुस्तक मी घरात ठेवलेलं नाही. तुम्ही एका मुलासाठी काढताय, कोणाला विचारायचं नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

रॅकहॅमचं म्हणाल तर त्याला दोष देऊ नका. त्याचे रंग मातकट, धुरकट का? त्या काळी तीन रंगांच्या छपाईत भडक रंग दगा द्यायचे, म्हणून त्याने शाईच्या रेषेवर फिक्या रंगाचे थर चढवले. म्हणजे हाताशी असलेल्या छपाईशी त्याने जुळवून घेतलं. आपणही तेच करायचं, आपल्या उजेडाशी जुळवून घ्यायचं. चुडीचा उजेड कंदिलासारखा पिवळा नसतो, तांबूस असतो आणि खालून येतो. जांभ्या चिऱ्यावर पडला की चिरा ओला असल्यासारखा दिसतो.

जुनी_पाने | २३ मे, रात्री ९:१०

रॅकहॅमचा जन्म १८६७ चा. त्याच वर्षी आपल्याकडे कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. आणि त्यांनीही परीकथांची चित्रं काढली आहेत! किंकेड नावाच्या सनदी अधिकाऱ्याने श्रावणातल्या आपल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत नेल्या, १९१४ मध्ये 'डेक्कन नर्सरी टेल्स' नावाने. त्यातली चित्रं धुरंधरांची. आदित्यराणूबाईची, सोमवारची, सगळ्या आपल्या आटपाट नगरातल्या. नऊवारी नेसलेल्या बायका, पितळी भांडी, वाड्याचे खांब. तिरफळ, तुमच्या रॅकहॅमचा जुळा भाऊ घरातच आहे.

भुताखेतांच्या नोंदी हव्या असतील तर नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून कोकणातल्या समजुती गोळा केल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाली ते आपण इतिहासात वाचतो. ती सामग्री पुढे एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये छापली. गावोगावच्या मास्तरांनी आपापल्या गावचं लिहून दिलेलं आहे. त्या मास्तरांचे मला फार उपकार वाटतात.

मोगरवेल | २३ मे, रात्री ९:४०

कहाण्यांवरून आठवलं. लहान असताना माझं पहिलं चित्रांचं पुस्तक म्हणजे जिवतीचा कागद! श्रावण आला की देवघराच्या भिंतीवर लागायचा. वर नरसिंह, मग कालियामर्दन, मग पोरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती. महिनाभर रोज तोच कागद बघायचा. जिवतीच्या मांडीवरच्या बाळांना मी नावं ठेवली होती. नरसिंहाच्या मांडीवर आतडी बाहेर आलेला हिरण्यकश्यपू होता, त्याची मात्र भीती वाटली नाही कधी. आता मला माझाच मुद्दा परत तपासावा लागेल.

खारा_वारा | २३ मे, रात्री १०:०५

आणि शिमग्यातला संकासुर! काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आम्ही पोरं त्याच्यापुढे पळायचो आणि तो दुसऱ्या वाडीला निघाला की त्याच्यामागे पळायचो.

भिरंड | २४ मे, सकाळी १०:१०

चिऊ-काऊचीही गोष्ट पावसाचीच की. शेणाचं घर वाहून जातं ते पावसात. माझ्या नातीने विचारलं, "शेणाचं घर वाहतं मग आजीच्या अंगणातलं शेण का नाही वाहत?" तिला सांगितलं, अंगण आपण पाऊस संपल्यावर सारवतो, दर वर्षी नवं. म्हणाली, "मग कावळ्यानेही थांबायला हवं होतं." मला वाटतं तिचं बरोबर आहे.

तिरफळ | २४ मे, रात्री ९:३०

आत्याशी बोलले. तिच्या आठवणीत गोष्टीचं एक वाक्य जास्त आहे, जे माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पणजोबांच्या खांद्यावर मिठाचं पोतं होतं. पावसाळ्याची बेगमी करायला ते बाजारात गेले होते, मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आदल्या आठवड्यात.

म्हणजे सडा हिरवा नाही. सडा सुका, गवत जळून गेलेलं, जांभा तापलेला, करवंदं पिकून काळी झालेली. धुकं नाही. लांब समुद्रावर वीज असेल कदाचित. माझं सगळं चित्र चुकीच्या महिन्यात उभं होतं.

चुडतं | २४ मे, रात्री ९:४१

आणि काजवे!

काजवा_मास्तर | २४ मे, रात्री ९:४२

आणि काजवे!

जुनी_पाने | २४ मे, रात्री १०:००

मीठ पावसाआधीच घ्यावं लागायचं. मिठागरं उन्हाळ्यात चालतात, पाऊस लागला की संपलं. शिरोड्याची मिठागरं प्रसिद्धच, १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळाभर मासे खारवायला, आंबे मिठात घालायला सगळं त्या एका पोत्यावर. वाट चुकून ते पोतं भिजलं असतं तर घराचे चार महिने गेले असते. तुमच्या पणजोबांनी हाक मारली ती फक्त स्वतःसाठी नसावी.

निबवाला | २४ मे, रात्री १०:१५

जुनी_पाने, अंगावर काटा आला.

तिरफळ, आता तुमच्या चित्राचं वजन देवचारावर नाही, पोत्यावर आहे. पोत्याखाली वाकलेला माणूस आधी काढा. रानभेंडी म्हणाल्या तसा कणा बघा. ज्या बाजूला पोतं, त्या बाजूचा खांदा वर जातो, कमर उलटीकडे निघते. बाकीचं नंतर.

गजालवाडी | २४ मे, रात्री ११:००

थांबा, आता गाऱ्हाणा घालूकच व्हया.

बा देवा म्हाराजा! आज ह्या तिरफळान जा काय काम हाती घेतल्यान हा, ता तडीस ने रे म्हाराजा!
तिच्या कुंचल्याक बळ दी, भाच्याक रातीची निवांत झोप दी रे म्हाराजा!
आणि कोणी डोळे लाल करूक इलो, तर त्येका सड्यार तीन फेरे मारूक लाव रे म्हाराजा!

पाणंद | २४ मे, रात्री ११:०२

व्हय म्हाराजा!

भिरंड | २४ मे, रात्री ११:०४

व्हय म्हाराजा!

निबवाला | २४ मे, रात्री ११:१०

व्हय म्हाराजा! (तिसऱ्या ओळीसाठी दोनदा.)

नवीन_सदस्य_माड | ३ जून, दुपारी ४:००

संपूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. आमच्या गावात गावपळण असते. देवाचा कौल घेऊन ठरावीक वर्षांनी अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, गुरं-कोंबड्यांसकट. आचऱ्याची सगळ्यांना माहीत आहे, आमच्या बाजूला आणखी गावं आहेत. लहानपणी मी विचारायचो, आपण नसताना गावात कोण असतं? वडील म्हणायचे, "ज्याचा गाव त्याला नको का तीन दिवस?" मला नेहमी वाटतं कोणीतरी हे चित्र काढावं. बंद घरं, विझलेल्या चुली आणि पाणंदीतून निवांत फिरणारा तो. तुमचं हे पुस्तक झालं की दुसरं याच्यावर करा.

तिरफळ | ३ जून, रात्री ८:२०

माड, रिकाम्या गावाचं चित्र मला आत्ताच दिसायला लागलंय. पण आधी हे.

काल गावी आले. रात्री सड्यावर गेले होते, काकांना बरोबर घेऊन. काका पुढे, हातात चुडतं बांधून केलेली चूड. (चुडतं, तुमच्या नावाचा पुरेपूर अनुभव घेतला, धुराने डोळे चुरचुरताहेत.) मी मागून चालत नुसतं बघत होते. जे दिसलं ते लिहिते, विसरायच्या आत.

चूड पुढे असली की धरणारा दिसतच नाही. त्याच्या कडा दिसतात फक्त, कानाची कड, खांद्याची कड, तांबूस. मधला सगळा माणूस काळा. त्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड सांडतो आणि गडग्यावर हलतो. पायाखाली मात्र लख्ख. वहाणेची टाच उचलली की तिच्याखालची धूळसुद्धा दिसते.

म्हणजे आजीने काही लपवलं नव्हतं. जे दिसतं तेवढं ती सांगत होती.

रानभेंडी | ३ जून, रात्री ८:४५

काढा आता. उद्या नको, आजच.

तिरफळ | १६ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. पुस्तक शिवून झालं, भाच्याला दिलं, म्हणून कळवायला आले.

शेवटचं चित्र दोन पानभर आहे. उजवीकडे वर चूड आणि तिच्या अलीकडे काळी पाठ, कडेला तांबूस रेघ. चेहरा नाही. पायात वहाणा, टाच एका बाजूने झिजलेली (पाणंद, ती तुमच्या मामांची). डावीकडे पोत्याखाली वाकलेले पणजोबा. मध्ये तीन करवंदीच्या जाळ्या, खरं तर तीच एक जाळी तीनदा. काजवे कागद कोराच ठेवून सोडले, एकालाही पिवळा रंग लावला नाही. मागे समुद्रावर वीज. जांभ्यासाठी गावची लाल माती चाळून डिंकात खलली, तीच वापरली. झाड एकच आहे, पिंपळ, आणि तो या वेळी पिंपळच झाला.

भाच्याला वाचून दाखवायला मी स्वतः गेले होते, पोथीवाल्यांचं ऐकून. पान उलटलं. मी वाट बघत होते की तो देवचाराबद्दल काही विचारेल. त्याने विजेवर बोट ठेवलं, मग पोत्यावर, आणि विचारलं, "आत्या, पाऊस यायच्या आत पोचतील ना? मीठ विरघळेल."

सड्यावरून | १६ ऑगस्ट, रात्री ९:२२

मग? पोचले का?

तिरफळ | १६ ऑगस्ट, रात्री ९:३०

पोचले. आत्याने सांगितलेलं शेवटचं वाक्य तेच आहे आणि पुस्तकातही तेच घातलंय: पोतं चुलीवरच्या माळ्यावर चढवलं, आणि पहाटे पाऊस लागला.